जवळ बसण्याचा परवाना

माझी मुलगी मीरा अमेरिकेत राहते. तिच्या राज्यात मनाच्या दुखण्यावर भान बदलणारी एक अळंबी आता कायद्याने घेता येते. मात्र घेणाऱ्याजवळ सरकारी परवाना असलेलं माणूस बसावं लागतं. मीरा त्याच परवान्यासाठी शिकते आहे.

मी तिच्याकडे गेले होते, तेव्हा एका दुपारी ती म्हणाली, "आई, माझ्या सरावासाठी जरा पडतेस? औषध नाही, नुसते डोळे मिटायचे."

मी पडले. ती शेजारी जमिनीवर बसली. बराच वेळ नुसती बसून राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "हात धरू का?"

"त्यात विचारायचं काय?"

"विचारावंच लागतं, आई. नियम आहे."

मला तिचे बाबा आठवले. शेवटच्या महिन्यात ते भिंतीकडे तोंड करून पडायचे. मी गोळ्या द्यायचे, चादर बदलायचे, डॉक्टरांना फोन करायचे. अशी नुसती जवळ कधी बसलेच नाही.

"वेळ संपली, आई," मीरा म्हणाली.

"अजून जरा बस," मी म्हटलं.

एकदा त्यांनीही मला असंच म्हटलं होतं, आणि गॅसवर दूध आहे म्हणून मी उठून गेले होते.