घुंगरांवरची जकात

सलोमा काइमच्या शेडमध्ये घोड्यांच्या घुंगुरमाळा बनत, पण तिच्या स्वतःच्या घोड्याच्या गळ्यात कधी एक घुंगरू वाजलं नाही. तिच्या आमिश मंडळीत, म्हणजे घरात वीज-फोनही न घेणाऱ्या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथात, जनावराला नटवणं बसत नसे. माळा घ्यायचे ते इंग्लिश. आमिश नसलेल्या कुणालाही अमेरिकेतल्या ओहायो राज्याच्या होम्स काउंटीत इंग्लिशच म्हणतात. नाताळ जवळ आला की ते या माळा दाराला टांगत. सलोमाला त्याचं हसू येत नसे. चामडं चांगलं आणि टाका सरळ असला की तिचं काम झालं.

चामडं ओहायोचं, पितळी घुंगरं भारतातून, अलीगढहून येत. घरामागच्या शेडमध्ये हवेच्या दाबावर चालणारी दोन शिलाईयंत्रं होती. एकावर सलोमा बसे, दुसऱ्यावर एफी. एफी तिच्या धाकट्या भावाची बायको. भाऊ झाड तोडताना गेला, तेव्हापासून एफीचं आणि तिच्या लेकरांचं या शेडवरच चालत होतं. सलोमानं लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणे, "विचारायला आलेल्यांचे जोडे पाहिले. एकाचाही टाका धड नव्हता."

२०१३च्या ऑगस्टात ती रस्त्याकडेच्या फोनच्या खोपटात उभी होती. पलीकडे क्लीव्हलँडहून गेल बोलत होती. ही इंग्लिश बाई सलोमाच्या मालाचं कस्टमचं काम बघायची.

"सलोमा, सवलत संपली. आता घुंगरांवर जकात पडणार."

"कसली सवलत?"

"गरीब देशांतून येणाऱ्या बऱ्याच मालाला जकात माफ होती ना, ती. कायद्याची मुदत संपली आणि वॉशिंग्टनमध्ये कुणी ती वाढवली नाही. पण घाबरू नकोस. तू जकात भर, मी कागदावर सवलतीची खूण करत राहते. आधीही असं झालंय. कायदा परत आला की सरकार आपोआप पैसे परत पाठवतं."

"सरकार पाठवतं?"

"हो."

"मग खूण करू नकोस."

"काय?"

"आम्ही सरकारकडून काही घेत नाही, गेल. पेन्शन नाही, पिकाचं अनुदान नाही. आणि सवलत होती अलीगढच्या माणसासाठी. तिच्याशी माझा काय संबंध?"

"अगं बाई, अलीगढचा माणूस क्लीव्हलँडला येऊन जकात भरतो का? तू भरतेस!"

"भरते ना. तक्रार केली का मी?"

गेल म्हणाली, "तुझी मर्जी. कागद तुझे आहेत."

जकात माल उतरतानाच द्यावी लागे, एकही माळ विकली जायच्या आधी. सलोमानं भाव थोडा वाढवून पाहिला. जवळच्याच बर्लिन नावाच्या गावातला दुकानदार म्हणाला, "सलोमा, तयार माळा याहून स्वस्त येतात. वाजतात त्याही." तिनं भाव खाली आणला आणि घुंगरं कमी मागवली. घुंगरं कमी, म्हणून माळा कमी. दुसऱ्या हिवाळ्यात दुसरं यंत्र बहुतेक दिवस झाकलेलंच राहिलं.

एफीला तिनं जा म्हटलं नाही. एफीच एका सकाळी म्हणाली, "मी वॉलनट क्रीकच्या हॉटेलात लागते. इथं एकीचं काम आहे. आणि तू काही तोंडानं म्हणायची नाहीस."

त्यानंतर मुलं शाळेतून आली की सलोमा त्यांना ब्रेडला पीनट बटर लावून देई. एफी अंधार पडल्यावर येई. दिवसभर सहलीला आलेल्या इंग्लिशांना नूडल्स आणि बटाटे वाढून तिचे पाय सुजलेले असत.

२०१५च्या उन्हाळ्यात कायदा परत आला, मागच्या तारखेपासून. पलीकडच्या गल्लीतल्या खोगीरवाल्यानं, तो आमिशांच्या जवळच्या मेनोनाइट पंथाचा, कागदांवर खूण ठेवली होती; त्याला पैसे घरपोच मिळाले. सलोमाला गेलचा निरोप मिळाला: तुझ्या कागदांवर खूण नाही. वर्ष संपायच्या आत तुला स्वतः अर्ज करून मागावे लागतील.

हात पसरायला नको म्हणून खूण नाकारली होती. आता खरोखरच हात पसरायची वेळ आली. दुसऱ्या सकाळी सलोमानं घोडा बग्गीला जोडला.

मॅलन राबर मंडळीचा बिशप होता, पण लहानपणी शाळेत तिच्याच बाकावर बसायचा. ती गेली तेव्हा तो बग्गीच्या चाकाला धाव चढवत होता.

"मॅलन, हे पैसे मागावेत का?"

"बिशपला विचारतेस की शेजाऱ्याला?"

"जो आधी उत्तर देईल त्याला."

तो हसला. "पेंडवाल्यानं जास्त पैसे घेतले आणि परत केले, तर तू घेशील?"

"घेईन. पण तो चुकून घेतो. सरकारनं कायद्यानं घेतले."

"तू वकील व्हायला हवी होतीस."

"आणि तू गप्प बसायला शिकायला हवं होतंस."

मॅलननं हातोडी खाली ठेवली. "बरं, एवढं सांग. ते पैसे दिले कुणी?"

"मी दिले," सलोमा म्हणाली. मग चाकाकडे बघत राहिली. "मी कुठं दिले? माझं ताट होतं तसंच राहिलं. एफीनं दिले."

"मग मला काय विचारतेस?"

संध्याकाळी एफी मागच्या पायरीवर गरम पाण्यात पाय सोडून बसली होती. सलोमानं तिला सगळं सांगितलं, खुणेचं सुद्धा. ते एफीला आजवर माहीत नव्हतं.

एफी म्हणाली, "तेव्हा मला विचारलं असतंस तर?"

"काय म्हणाली असतीस?"

"नकोच म्हणाले असते." तिनं एक पाय बाहेर काढून पुसला. "पण ते मी म्हणाले असते, सलोमा. तू नाही."

सलोमा खाली बसली. "चुकलं माझं."

"चुकलंच."

"आता काय करू?"

"घुंगरं परत पहिल्याइतकी मागवशील?"

"जकात तर गेलीच. पैसे आले की मागवीन."

"मुलं शाळेत गेल्यावर मी येणार. ती घरी यायच्या आत जाणार. आणि हॉटेलात मिळतात तेवढे देशील."

"देईन."

"मग माग."

"मला ते शब्द जुळवता येत नाहीत, एफी. सरकारला काय म्हणायचं?"

एफीनं दुसरा पाय पुसला, ओल्याच पायात जोडे घातले आणि ती रस्त्याच्या दिशेनं चालू लागली. सलोमा मागोमाग. खोपटात दोघींना उभं राहायला जागा नव्हती, म्हणून सलोमा दाराशी थांबली. पलीकडे निरोप घेणाऱ्या यंत्राचा आवाज संपेपर्यंत एफी वाट बघत राहिली आणि मग स्पष्ट, सावकाश बोलली, "गेल, मी एफी काइम. सलोमाच्या शेडमध्ये शिवायची, ती. अर्ज करायचा आहे. काय लिहायचं ते मी सांगते, सकाळी फोन कर."