विलायती घरांचं पुस्तक आणि सुमनताई

शिलाईच्या खोलीत दोन गोष्टी आपोआप साठतात. मशीनखाली चिंध्या आणि मशीनवर किस्से. चिंध्या आम्ही शनिवारी झाडून पोत्यात भरायचो. किस्से कुणी झाडले नाहीत, म्हणून अजून माझ्यापाशी आहेत.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सुरतेत कतारगामला हंसाबेनच्या दुकानाच्या माडीवर आम्ही दोघी पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवायचो. मी आणि सुमनताई. ती साक्रीकडची, बोलणं पक्कं अहिराणी, नवरा पॉवरलूमवर. मी दहावी पास, म्हणून ती मला मास्तरीणबाई म्हणायची.

एकदा एका हिरेवाल्या शेठाणीने जाडजूड पुस्तक पाठवलं. शेठने परदेशातून आणलेलं. इंग्लंडच्या खेड्यांतली मोठमोठी जुनी घरं आतून कशी सजवलेली असतात, त्याचे पानोपानी फोटो. सोबत निरोप, "नवा बंगला असाच पाहिजे."

हंसाबेनने आम्हाला बजावलं, "फोटामां छे एवुं ज. जरासुद्धा फरक नको."

तिने हे सांगायला नको होतं.

*

पहिले दोन दिवस आम्ही पुस्तकच बघत बसलो. मी फोटोखालचं इंग्रजी अक्षर अक्षर लावून वाचायची आणि सुमनताई पान उलटायच्या आधी हात पदराला पुसायची.

वीस-पंचवीस पानं झाल्यावर ती म्हणाली, "इतल्या खोल्या, पण माणूस एक बी नही. समदा गावले गयात का वं?"

पुढच्या पानावर एक कुत्रा निघाला. सोफ्यावर पाय पसरून झोपलेला.

"हाऊ शे मालक," ती म्हणाली.

*

फोटोतलं कापड फिक्कट होतं. गुलाबाची फुलं, पण वर्षानुवर्षं उन्हात राहिल्यासारखी. तसं कापड शोधायला हंसाबेन आम्हाला घेऊन मार्केटमध्ये गेली. व्यापाऱ्याने लालभडक, केशरी, मोरपंखी असे ताके उलगडले. हंसाबेन म्हणाली, "नवं पाहिजे, पण जुनं दिसणारं."

व्यापाऱ्याने ताका गुंडाळला. "बेन, रंग गेलेला माल विकला म्हणून माझ्या बापाला आजवर कुणी बोललं नाही. मला कशाला बोल लावताय?"

शेवटी त्याने गोदामातून एक ताका आणवला. छपाई बिघडली म्हणून परत आलेला. हुबेहूब विलायती!

*

पुस्तकातले पडदे खिडकीखाली उतरून जमिनीवर हातभर लोळत होते. सुमनताईने पट्टी लावून बघितलं आणि विलायती शिंप्याची दया आली तिला. "माप चुकनं बिचारानं."

हंसाबेन म्हणाली, "एवुं ज." मग आम्हीही हातभर जास्त ठेवून आठ पडदे शिवले.

पंधरा दिवसांनी बंगल्यावर गेलो, तर आठही पडद्यांना मधोमध गाठ मारून ठेवलेली. लादी पुसायला बसलेल्या बाईने ओचे खोचावेत तसे दिसत होते. शेठच्या आई, त्यांना सगळे बा म्हणत, झोपाळ्यावरून म्हणाल्या, "आ पडदो छे के पोतुं?"

पोतुं म्हणजे लादी पुसायचं फडकं. हंसाबेन माझ्याकडे बघायला लागली, मी सुमनताईकडे. सुमनताई छताकडे.

*

पुस्तकाचा नाद मलाही लागलाच. एका फोटोत चिनी मातीच्या निळ्या-पांढऱ्या भांड्यात फुलं होती. माझ्याकडे तसली लोणच्याची बरणी होती. ती घासली, वाळवली, जास्वंदी लावल्या आणि टीव्हीवर ठेवली.

आमचे हे कामावरून आले. दोनदा नाक ओढलं. म्हणाले, "छान आहे. पण जास्वंदीला मेथीचा वास कसा?"

*

एका फोटोत सोफ्याच्या हातावर बारीक रफू होतं. सुमनताईला ते दिसलं आणि तिचा चेहरा उजळला. "मास्तरीणबाई, एवढी मोठी बाई, पण फाटनं ते फेकत नही."

आता आमच्यापुढे प्रश्न. रफू करायचं की नाही? पण हंसाबेनचा हुकूम होता. सुमनताईने नव्या कोऱ्या कव्हरला कात्रीने चीर दिली आणि दोन दिवस बसून ती फोटोसारखी रफू केली. "मना डोया गयात वं," म्हणाली, पण धागा सोडला नाही.

माल पोचल्यावर शेठाणीने आम्हाला तिघींनाही बोलावून घेतलं. नव्या कव्हरवर रफू म्हणून ती रडवेली झाली होती. हंसाबेन घामाघूम. मी पुस्तक उघडून पान दाखवलं.

शेठने खिशातून हिरे पारखायची काच काढली. आधी फोटो बघितला. मग वाकून सोफा. परत फोटो. मग काच पुसून खिशात ठेवली आणि बायकोला म्हणाला, "माल बरोबर आहे. डाग पण तोच."

*

लिंबायतला सुमनताईची एकच खोली होती. तिन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, चौथीला दार. खिडकी नाही. तिच्या लेकीला, रेखाला बघायला आलेलं पहिलं स्थळ "इथं दिवसाही बल्ब लागतो" म्हणून चहा न घेता गेलं होतं. तेव्हापासून रेखा पाहुणे म्हटलं की आतल्या आत मिटायची.

दुसरं स्थळ नंदुरबारचं, मुलगा गवंडीकाम करणारा. सुमनताईने हंसाबेनकडून उरलेलं गुलाबाचं कापड मागून घेतलं. आदल्या दिवशी मी गेले, तर दारासमोरच्या भिंतीवर पडदा! वर झालर, बाजूला गोंडा, आणि खाली हातभर जमिनीवर लोळणारा. पान बावन्नवरचा, जसाच्या तसा.

"ताई, मागे भिंत आहे," मी म्हटलं.

"माले माहीत शे," ती म्हणाली. "त्यासले कोन सांगस?"

पाहुणे आले. मुलाची आई पडद्याशेजारीच बसली. पोहे झाले, नाव-गाव झालं, रेखाने मान वर करून दोन उत्तरं नीट दिली. सगळं बरं चाललं होतं. मे महिना होता. बाईंनी पदराने वारा घेतला आणि म्हणाल्या, "बेटा, पडदा सरकाव. जरा हवा ई दे."

सुमनताईने हातातली कपबशी खाली ठेवली. तिचा नवरा दाराकडे बघत बसला. 

रेखा उठली. आईकडे एकदा बघितलं. पडदा पूर्ण बाजूला केला.

मागे चुन्याची भिंत. एका जागी पोपडा निघालेला.

बाई त्या भिंतीकडे बघत राहिल्या. मग रेखाकडे. मग हळूच कपाळावर हात आडवा धरला.

"पडदा लाई दे बेटा परत," त्या म्हणाल्या. "डोयावर ऊन ई राह्यनं."