शकीलाबाईंच्या टेपमधली दुसरी

नारायण पेठेत एके काळी कुजबुज होती, की शकीलाबाईंच्या रशियनच्या वर्गाला एक मेलेली मुलगी येते आणि उत्तरं बिनचूक देते. पेठेला मेलेलीचं विशेष वाटलं नाही. बिनचूक उत्तरांचं वाटलं.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. धडे घोकून कुणाला बोलता येत नाही, म्हणून बाईंनी स्वतःच अभ्यासक्रम बांधला होता. स्पूलच्या टेपवर त्यांच्या आवाजात प्रश्न, मग विद्यार्थ्यानं बोलावं म्हणून कोरी जागा, मग बरोबर उत्तर.

भानगड होती ती त्या कोऱ्या जागेत.

एका भर दुपारी टेपनं रशियनमध्ये विचारलं, "घरी कोण आहे?" हिंदुराव, कारखान्यातला फिटर, शब्द जुळवत बसला. तेवढ्यात त्या शांततेच्या तळातून, आडातून यावा तसा बारीक आवाज आला, "मी आहे घरी." तोही रशियनमध्येच.

हिंदुरावाच्या अंगावर काटा आला. "बाई, ही कोण?"

"तुमच्यापेक्षा अभ्यास केलेली कुणीतरी," बाई म्हणाल्या आणि त्यांनी टेप थांबवली.

आठवड्यात वर्ग निम्मा झाला; टेपजवळचा बाक तर रिकामाच पडला. खोलीचे मालक श्यामसुंदर जिन्यातच आडवे आले. "अहो बाई, भूत फी भरत असेल तर राहू द्या. नसेल तर यंत्र दुरुस्त करून टेपा नव्यानं भरा, नाहीतर महिनाअखेर खोली सोडा."

वर्ग हाच बाईंचा संसार. रिक्षात यंत्र घालून त्या बजरंग रेडिओवाल्याकडे गेल्या.

"जुनं सगळं साफ पुसून देतो," तो म्हणाला.

बाई यंत्र घेऊन तशाच परतल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी उरलेल्यांना बजावलं, "ती बोलायच्या आत उत्तर द्यायचं. मागे पडेल त्यानं त्या रिकाम्या बाकावर बसायचं. तिच्या शेजारी."

बसतोय कोण! थोरले बाप्ये धापा टाकत रशियन बोलू लागले. महिना सरायच्या आत हिंदुरावाची जीभ अशी सुटली, की पळालेले गुपचूप परत आले आणि श्यामसुंदरांनी खोलीचं नाव काढलं नाही. बाक मात्र रिकामाच राहिला. वर्ग सुटल्यावर बाई तिथे टेप पुन्हा लावत, आणि कोऱ्या जागांत मान हलवत.

टेप जुनी होती. तिच्यावर आधी बाईंची धाकटी बहीण मेहरुन हेच धडे म्हणून बघायची. दुसरी टेप नव्हती, म्हणून त्याच टेपवर अभ्यासक्रम भरला. यंत्राचं पुसायचं हेड बिघडलेलं होतं, त्यामुळे मेहरुनचा आवाज खाली राहिला आणि कोऱ्या जागांत ऐकू येई. त्याच वर्षी ती विषमज्वरानं गेली. बाईंना हे सगळं ठाऊक होतं. हेड त्यांनी दुरुस्त केलं नाही.