अडीच आणि साडेतीन

रोमानियन भाषेत मला फक्त वेळ विचारता येते आणि सांगता येते. पाणी दे, बरं वाटत नाही, माझं चुकलं, यातलं काही येत नाही. वेळ मात्र अजून चुकत नाही.

ही भाषा आमच्या घरात आणली धाकट्या बहिणीने. सातपूरच्या एका शिलाई कारखान्यात ती बारा वर्षं मशीनवर होती. तो बंद पडला. नवरा आधीच सोडून गेलेला, मूलबाळ नाही. नाशिकरोडला आमच्याच घरी राहायची आणि आईचं सगळं करायची. मग एका एजंटने रोमानियातल्या कारखान्याचं सांगितलं. मुलाखत व्हिडिओवर, आणि त्यात घड्याळ दाखवून किती वाजले विचारतात म्हणे. बहीण शाळेत हुशार नव्हती, हे मी तिला जन्मभर ऐकवत आलो होतो. तेव्हा शिकवायला अर्थात मीच बसलो. तिच्या रोमानियनच्या क्लासची वही मी आदल्या दिवशी वाचायचो आणि दुसऱ्या दिवशी मास्तर व्हायचो.

स्वयंपाकघरातलं घड्याळ मांडीवर घ्यायचं, सेल काढायचा आणि मागून काटे फिरवायचे.

"कीत ए चासुल?" मी विचारायचो. किती वाजले?

आई लसूण सोलत बसलेली असायची. "कीत म्हणजे किती. हे आपल्यातलंच आहे की. उगाच परदेश परदेश करताय."

बहीण अडायची ती 'फरा'पाशी. फरा म्हणजे वगळून, कमी. क्लासमध्ये ते इंग्रजीतून समजावलेलं, त्यामुळे तिच्या डोक्यात पार गोंधळ. पावणेआठ दाखवले की ती सातपासून सुरुवात करायची आणि मध्येच थांबायची.

"अगं, पावणेआठ म्हणताना सातचं नाव घेतेस का तू? आठच म्हणतेस ना? आठ, पण पाव कमी. तेही तसंच म्हणतात. ओप्त फरा उन स्फेर्त."

"हे आधी सांगायला काय झालं होतं रे तुला, दादा? आठ दिवस मूर्खात काढलंस मला."

त्यानंतर ती सुसाट सुटली. एका दुपारी आईला म्हणाली, "आई, साडेएक वाजले, गोळी घे." तिकडे दीडला वेगळा शब्द नाही, एक आणि अर्धा असंच म्हणतात, ते तिच्या तोंडात बसलं होतं. आई म्हणाली, "साडेएक! दीड म्हण, दीड. विमानात बसायच्या आधीच मराठी विसरली बया." आम्ही तिघंही हसलो. नंतर आम्ही तिघं एकदम हसल्याचं मला आठवत नाही.

ती पास झाली आणि गेली. तिकडे मशीनवर बसताना फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. मिळतो तो जेवणाच्या सुट्टीत, साडेबारा ते एक. तेव्हा आपल्याकडे तीन वाजलेले असतात, कारण फरक अडीच तासांचा. पहिल्याच वर्षी, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिचा फोन आला. "दादा, गंमत ऐक. आज पहाटे इथल्या सगळ्यांनी घड्याळं तासभर मागे केली. आता अडीच नाही, साडेतीन. थंडी संपेपर्यंत माझी सुट्टी तुझ्या चार वाजता." मी लगेच फोनवर नाशिकच्या खाली तिकडच्या राजधानीची वेळ लावून घेतली. ती आपोआप बदलते. हे मी तिला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही नव्हतंच म्हणा.

पुढच्या उन्हाळ्यात आई न्हाणीघरात पडली. खुबा मोडला, ऑपरेशन झालं, तरी ती उठली नाही. बहीण परत यायला निघाली होती. मीच म्हणालो, "मी आहे ना. नोकरी सोडून येऊ नकोस." तिने मला कागदावर वेळा लिहायला लावल्या. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठ बघायची, पावडर लावायची. शासे, ओप्त, झेचे, म्हणजे सहा, आठ, दहा, असं माझी परीक्षा घेत घेत तिने त्या सांगितल्या, आणि मी बरोबर लिहिल्या. दिवसाचं बायकोने घेतलं. संध्याकाळी सहानंतरचं मी, सगळ्यांसमोर, अंगावर घेतलं.

ते मी केलं नाही.

सहाला म्हणायचो आठला बघू. आठला म्हणायचो आत्ताच डोळा लागलाय, कशाला हलवा. ऑफिसातून दमून येतो, हे कारण तर होतंच. खरं कारण असं की मला तो वास सहन होत नसे, आणि आईच्या उघड्या पाठीला हात लावायची लाज वाटे. बायको विचारायची, "बदलली का कूस?" मी म्हणायचो, "हो." आई त्याच खोलीत असायची. तिने एकदाही मला खोटं पाडलं नाही.

पाठीला जखमा झाल्या. रविवारी बहिणीचा व्हिडिओ आला की मी आईचा फक्त चेहरा दाखवायचो. "पाठ दाखव ना एकदा," ती म्हणायची. "आत्ताच पुसून झोपवलंय गं," मी म्हणायचो.

दिवाळीच्या आधी आईला ताप भरला आणि तिला दवाखान्यात हलवावं लागलं. डॉक्टरीणबाईंनी तिला कुशीवर वळवलं, पाठ बघितली आणि विचारलं, "यांचं कोण करतं?" मी म्हणालो, "मीच." जखमांचं विष अंगात भिनलंय, लांबची माणसं असतील तर कळवा, एवढंच त्यांनी मला बाहेर येऊन सांगितलं.

त्या रविवारी बहिणीला मी म्हणालो, थोडा ताप आहे, सलाईन लावलंय. पण आवाजावरून तिला काहीतरी कळलं असावं. "उद्या मला तिच्याशी बोलायचंच आहे. माझ्या सुट्टीत, साडेबाराला तू लाव. मी फोन हातात घेऊन बसते." तिकडची घड्याळं त्याच पहाटे मागे गेली होती. या वेळी तिने त्याचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही.

सोमवारी आई दुपारभर चांगली जागी होती. तिचे केस कापले होते, गाल आत गेले होते. आता नुसता चेहरा दाखवून भागण्यासारखं नव्हतं. बहिणीने एकदा बघितलं असतं तर तिला सगळं कळलं असतं.

मी बरोबर तीन वाजता फोन लावला. तिकडे साडेअकरा वाजलेत, फोन लॉकरमध्ये आहे, हे मला माहीत होतं. आईसमोर लावला, रिंग ऐकवली. "बघ, उचलत नाही."

"कामात असेल," आई म्हणाली. "थोड्या वेळाने लाव."

चार वाजता खिशातला फोन थरथरायला लागला. आवाज मी आधीच बंद केला होता. पाच वेळा आला. मी कॉटला टेकून उभा होतो.

"लागला का रे?" आईने विचारलं.

"रेंज नाही."

थोड्या वेळाने तिने पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. पाचपर्यंत ती दाराकडे बघत होती. मंगळवारी उजाडता उजाडता ती गेली.

बहिणीला मी सांगितलं की मी नेहमीप्रमाणे तीनला लावला होता आणि नंतर फोन चार्जिंगला होता. ती रडत म्हणाली, "माझंच चुकलं, दादा. घड्याळ बदललं ते सांगायचं विसरले मी." मी म्हणालो, "असू दे, तुझी काय चूक त्यात." याहून नीच वाक्य मी आयुष्यात बोललो नाही. मोठ्या मनाने बोललो वर.

ती रजेवर आली ती गेल्या दिवाळीत, तीन वर्षांनी. ओट्यापाशी बसून मेथी निवडत होती आणि बायकोला सांगत होती, "वहिनी, आमच्या खोलीत आता नेपाळच्या आणि आपल्याकडच्या सहा जणी आहेत. ऑक्टोबर आला की मी एकेकीच्या मागे लागते, आजच घरी फोन करून वेळ सांगा म्हणून. हसतात मला. म्हटलं, हसा. एका तासापायी माझी आई माझ्याशी न बोलता गेली."

मी दारात होतो. म्हणालो, "तू विसरली नव्हतीस. म्हणजे विसरलीस, पण मला माहीत होतं." मग सगळं सांगितलं, पाठीपासून. उभ्यानेच सांगितलं.

तिने हातातली जुडी खाली ठेवली नाही. "चारला ती जागी होती?"

"होती."

"विचारलं तिने?"

"दोनदा."

"तू काय सांगितलंस?"

"रेंज नाही."

तिने राहिलेली मेथी निवडली, देठं कागदात गुंडाळली, हात धुतले. "वहिनी, मी मैत्रिणीकडे देवळाली कॅम्पला जाते. तिथूनच परत जाईन." बॅग भरताना मी मदतीला गेलो, तर ती बॅग तशीच सोडून बाजूला झाली, मी बाहेर जाईपर्यंत.

आता रविवारी तिचा फोन बायकोला येतो. मागच्या रविवारी तो स्पीकरवर होता आणि मी शेजारच्याच खुर्चीत बसलो होतो. पलीकडून तिने विचारलं, "जवळ कोण आहे?"

बायकोने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "कोणी नाही. बोल तू."