शंभरावी पुडी

आमच्या घरात तीन माणसं, आणि तिघांनाही एकाच वेळी बोलायची खोड. त्यामुळे लेकीने जेव्हा सांगितलं, की ती बनवतेय त्या गेममध्ये आळीपाळीने लढायचं असतं, आधी आपली चाल, मग राक्षसाची, आणि आपण चाल करेपर्यंत राक्षस नुसता उभा राहतो, तेव्हा माझा विश्वासच बसेना.

‘मी आत जाऊन डाळीला फोडणी घालून आले तरी?’

‘तू बाजार करून आलीस तरी तो उभाच असेल, आई.’

एवढा समजूतदार प्राणी आमच्या घरात यायचा, तर तिला तो स्वतःच्या हाताने बनवावा लागला.

आम्ही बदलापूर पूर्वेला, शिरगावात राहतो. मी अंबरनाथच्या एका शाळेत मराठी शिकवत होते. हे मोरिवलीजवळच्या एका कारखान्यात होते, माल तपासायच्या खात्यात अधिकारी. उभ्या नोकरीत यांनी एकच काम केलं, दुसऱ्याने केलेल्या कामातली चूक काढली. घरी आल्यावर ते थांबतं होय? भाजीत मीठ बरोबर असेल तर हा माणूस गप्प जेवतो, कमी असेल तर बोलतो. मी इतक्या वर्षांत गप्प बसण्यालाच शाबासकी समजायला शिकले. लेक मात्र शिकली नाही. ती लहानपणापासून चित्र काढून यांच्यापुढे धरायची, आणि हे चष्मा वर करून म्हणायचे, ‘परत एकदा बघून घे.’

दोन वर्षांपूर्वी तिने चांगली नोकरी सोडली आणि जाहीर केलं, की आता मी घरी बसून गेम बनवणार. झालं! त्या दिवशी आमच्या हॉलमध्ये दोघंही एकदम बोलत होते आणि कुणीच ऐकत नव्हतं. शेवटी हे म्हणाले, ‘तुझं ते खेळणं मला सांगायला येऊ नकोस.’ ती म्हणाली, ‘नाहीच येणार.’ आणि दोघंही शब्दाला पक्के निघाले, कुठून ही अवदसा आठवली त्यांना कोण जाणे. दुधाबद्दल बोलायचे, सिलेंडरबद्दल बोलायचे, पण गेमचा विषय निघाला की दोघांची तोंडं शिवलेली. मधल्या मध्ये माझा जीव टांगणीला. जगाने तिचा गेम घेतला काय, न घेतला काय, मला तेव्हा त्याचं काही नव्हतं. या दोघांनी माझ्याशिवाय एकमेकांशी बोलावं, एवढंच मला हवं होतं. आणि पोरीला काय हवं होतं ते मला ठाऊक होतं. तिला सगळ्यात आधी बाबांकडून पास व्हायचं होतं. विचारलं असतं तर तिने कानावर हात ठेवले असते.

गेममधली मराठी वाक्यं लिहायचं काम तिने माझ्यावर टाकलं. एक मुलगी डोंगरावरच्या गडातून निघते, वाटेत राक्षस, चेटकिणी, बोलणारी झाडं भेटतात, अशी ती गोष्ट. गड अगदी आमच्या खिडकीतून दिसणाऱ्या चंदेरीच्या सुळक्यासारखा. मी पहिल्याच राक्षसाच्या तोंडी लिहिलं, ‘थांबा, कुठे निघालात?’

‘आई, राक्षस अहो-जाहो करतो?’

‘ओळखदेख नसताना एकदम अरे-तुरे करायचं?’

तिने कपाळाला हात लावला, पण वाक्य ठेवलं.

लिहून झाल्यावर खेळून बघायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. जेवणाच्या टेबलावर तिचा जुना लॅपटॉप ठेवून मी सकाळचा स्वयंपाक करता करता खेळायचे. एक चाल, एक पोळी. एकदा कुकरची शिटी झाली म्हणून आत गेले आणि परत येऊन बघते तर काय, माझी चाल कुणीतरी करून टाकलेली आणि चेटकीण आडवी झालेली! हे शेजारी हातात फडकं घेऊन उभे.

‘मी फक्त स्क्रीन पुसत होतो,’ म्हणाले.

त्यानंतर आमची स्क्रीन रोज तीन-तीन तास पुसली जाऊ लागली. दोन दिवसांनी माउस नीट चालत नाही म्हणून स्वारी उल्हासनगरला गेली. मला बरोबर नेलं, हे माझं दुर्दैव. दुकानात यांनी पाच माउस काढायला लावले आणि प्रत्येक माउस पन्नास-पन्नास वेळा दाबून बघितला. शेवटी तो सिंधी दुकानदार हात जोडून म्हणाला, ‘साईं, माउस लेना है या मच्छर मारना है?’ यांनी सहावा मागितला.

मग टेबलावर एक रजिस्टर दिसायला लागलं. कारखान्यातून मिळालेली अशी कोरी रजिस्टरं आमच्या माळ्यावर गठ्ठ्याने आहेत, ‘पुढे लागतील’ म्हणून ठेवलेली. माळ्यावरच निवृत्तीला मिळालेला डिनर सेटही आहे, अजून खोक्यात. यांचे चांगले शर्ट पिशवीतून बाहेर निघतात ते कुणाच्या तरी लग्नाला. तर त्यातलं एक रजिस्टर चक्क बाहेर आलं, त्यावर पट्टीने रकाने आखले गेले: अनुक्रमांक, दोष, दुरुस्ती, शेरा. लाल पेनाने. ते रजिस्टर हे रोज टेबलावर ‘विसरायचे’. मी ते उचलून लेकीच्या खोलीत न्यायचे. ती वाचायची, चरफडायची, दुरुस्त करायची आणि दुरुस्तीच्या रकान्यात लिहून माझ्याच हातात द्यायची. दोघांच्या खोल्यांमध्ये सात पावलांचं अंतर. मी दिवसातून दहा वेळा ते चालायचे.

चौथा दोष वाचून मी ओट्याला धरून हसले होते. लिहिलं होतं: ‘गडाच्या दारावरचा म्हातारा दर वेळी पिशवी उघडायला लावतो व एकच वाक्य बोलतो, परत एकदा बघून घे. कंटाळवाणे. दुसरे काही बोलावे.’ आता गंमत अशी, की त्या म्हाताऱ्याच्या अंगात तपकिरी हाफ स्वेटर होता. जादूच्या राज्यात, हाफ स्वेटर! कानामागे बोरू खोचलेला. आमचे हे बारा महिने कानामागे पेन खोचतात आणि बदलापुरात जरा गारठा पडला की तोच तपकिरी हाफ स्वेटर चढवतात. मी नुसतं वाक्य लिहून दिलं होतं, कपडे लेकीने चढवले होते. आणि या माणसाला पत्ताच नाही! लेकही हसली, खूप दिवसांनी. मग तिने पुढे लिहिलं, ‘काय बोलावे ते सुचवा.’ रजिस्टर परत गेलं. बाकीच्या दोषांना उत्तरं येत राहिली, चौथ्याचा शेरा कोराच राहिला.

असं करत करत रिलीजचा आदला दिवस उजाडला. हेंद्रेपाड्याहून माझ्या बहिणीचा फोन येऊन गेला होता, ‘उद्या ना गं? कुठल्या थिएटरला?’ तिला समजावता समजावता माझे पोहे करपले होते. अकराच्या सुमारास हे टेबलाशी खेळत होते आणि एकदम म्हणाले, ‘गेलं.’

कोण गेलं? कुणाचा फोन आला की काय? बाहेर येऊन बघते तर स्क्रीन काळी. हे खुर्चीत ताठ बसलेले. महिनाभर खेळून शेवटच्या राक्षसाच्या दारात पोचलेला खेळ बंद पडला होता, आणि परत सुरू केल्यावर आधीचंही काही उरलं नव्हतं.

यांनी लाल पेन काढलं. ‘दोष क्र. ६३. गंभीर. औषधाची शंभरावी पुडी उचलताच खेळ बंद पडतो. मागचे सर्व जाते. माल पाठवू नये.’

या पुड्यांचं सांगायला हवं. जखम झाली की पुडी खायची, की अंगात ताकद येते. त्यासाठीच त्या वाटेत पडलेल्या असतात. मी तर खरचटलं तरी दोन खायचे. यांनी एकही खाल्ली नव्हती. अंगात चार थेंब रक्त उरलेलं असताना ही मुलगी चेटकिणींशी काठीने लढायची आणि पिशवीत पुड्या जमत जायच्या.

मी रजिस्टर आत नेलं. लेकीने वाचलं आणि तिचा चेहरा उतरला, मग लाल झाला. ‘शंभर? शंभर पुड्या कोण साठवतं, आई? वीसच्या वर कुणाकडे उरत नाहीत! उद्या रिलीज आहे आणि आज हे लिहितात, माल पाठवू नये? त्यांना हे बाहेर पडायलाच नकोय. सांग त्यांना, की मी पाठवणार.’

मी तशीच बाहेर आले. हे म्हणाले, ‘तिला सांग, की...’

आणि माझं डोकं फिरलं. ‘मी काय पोस्टमन आहे?’ मी ते रजिस्टर दोन खोल्यांच्या मधोमध जमिनीवर आपटलं. ‘दोन वर्षं तुमच्या चाली मी पोचवतेय. आजपासून मी खेळत नाही. मी चालले बहिणीकडे. डाळ कुकरमध्ये आहे, ज्याला भूक असेल त्याने गॅस लावावा.’ आणि दार ओढून घेतलं.

दार नीट लागलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मी पर्सही घेतली नव्हती. मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले आणि कान दिले. लाज कसली त्यात! वरच्या मजल्यावरच्या बाई उतरताना म्हणाल्या, ‘काकू, लिफ्ट बंद आहे का?’ मी त्यांना हातानेच पुढे जा म्हटलं.

आत खुर्ची सरकली. मग यांचा आवाज.

‘पिशवीत किती पुड्यांची जागा ठेवलीस?’

‘नव्व्याण्णव.’

‘शंभरावी आली तर?’

‘येतच नाही, बाबा. कुणी साठवत नाही.’

‘मी साठवतो.’

दोघांपैकी कुणीतरी रजिस्टर उचलल्याचा आवाज आला.

‘पण एकही का नाही खाल्लीत?’ तिचा आवाज आता खाली आला होता.

‘पुढे मोठा राक्षस असेल म्हणून.’

‘अहो बाबा, तो शेवटचा होता. त्याच्यापुढे काही नाहीच आहे.’

‘ते मला काय माहीत? तू कधी सांगितलंच नाहीस.’

‘तुम्ही विचारलंच नाहीत.’

मी पायरीवर बसून डोळे पुसले. दोन वर्षं ज्यासाठी माझा जीव चालला होता ते माझ्या पाठीमागे घडत होतं, आणि मला आत जायची चोरी. पुढचा तासभर आतून आकडे ऐकू येत होते. तिने काहीतरी दुरुस्त केलं. यांनी पिशवीत शंभर भरायला लावल्या, मग एकशे एक, मग हजार. ‘परत एकदा बघून घे,’ हे यांचं वाक्य मी तीनदा ऐकलं, आणि तीनही वेळा ती ‘बघते’ म्हणाली. मग कुकरची शिटी झाली, म्हणून मी उठले. बेल वाजवली तर हे दार उघडून म्हणाले, ‘बहीण नव्हती का घरी?’

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने एक बटण दाबलं आणि गेम रिलीज झाला. मला वाटलं होतं काहीतरी वाजेल तरी. काही नाही. आम्ही तिघांनी पोहे खाल्ले. लेक फोन हातात घेऊन बसली, हे स्वेटर चढवून बाल्कनीत पेपर घेऊन बसले. मी म्हटलं, सगळं जग पहिल्यापासून खेळणार, तर आपणही खेळावं. टेबलाशी बसले. मुलगी झोपेतून उठली, काठी घेतली, गडाच्या दाराशी आली. तिथे तो म्हातारा उभा. मी सवयीने पिशवी उघडायला गेले.

म्हातारा म्हणाला, ‘तुझी पिशवी मी बघणार नाही. जा तू.’

मी बघतच राहिले. त्या गेममधलं झाडन् झाड जे बोलतं ते मी लिहिलंय. हे वाक्य माझं नव्हतं.

मी लेकीला हाक मारली. ती आत गेली आणि रजिस्टर घेऊन आली. चौथी ओळ. इतके दिवस कोऱ्या राहिलेल्या शेऱ्याच्या रकान्यात यांच्या सरळ अक्षरात तेच वाक्य. लाल पेनाने नाही, निळ्या. ‘काल जेवण झाल्यावर टेबलावर ठेवून गेले,’ ती म्हणाली, ‘मी रात्रीच गेममध्ये घातलं.’

मी बाल्कनीत गेले. पेपर तोंडासमोर, कानामागे पेन.

‘अहो, तो दारावरचा म्हातारा कोण आहे ते तुम्हाला कधी कळलं?’

‘पहिल्याच दिवशी.’

‘मग तेव्हा दोष म्हणून का लिहिलंत?’

यांनी पेपरचं पान उलटलं.

‘दोषच होता तो,’ म्हणाले.