कळण आईला, दाणे बैलाला

"मावशी, तुम्हाला टीबी झालाय," डॉक्टर म्हणाल्या.

आईने पदर तोंडावर ओढला. खोकला आला म्हणून नव्हे, लाज वाटली म्हणून. महाडच्या दवाखान्यातल्या त्या खोलीत मला पहिला राग आला तो या लाजेचा. आजार झाला होता, गुन्हा नव्हे.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. पल्मनरी ट्युबरक्युलोसिस, म्हणजे फुप्फुसाचा क्षय. गोळ्या सहा महिने, एक दिवसही न चुकवता. "जंतू गोळ्या मारतील," त्या म्हणाल्या, "पण वजन फार कमी आहे. अल्ब्युमिनही कमी आहे." अल्ब्युमिन म्हणजे रक्तातलं एक प्रथिन. ते घटलं की अंगावर सूज येते, ताकद जाते. "खाणं सुधारलं नाही तर गोळ्या झेपणार नाहीत. रोज दोन अंडी द्या."

"माळ हाय माझी," आई म्हणाली.

बाबा गेल्यावर तिने तुळशीची माळ घातली आणि मासे, अंडी सोडली. बाबांनी जन्मभर अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं वाटली. त्या पत्रकांवरच मी वाचायला शिकले. मला माळ पटत नाही. पण माळ तिच्या गळ्यात आहे, माझ्या नाही.

पोलादपूरच्या वर, डोंगराच्या कुशीत आमची वाडी. तिथे आजारी माणसाला पेज देतात आणि कुळथाचं कळण. कुळीथ शिजवायचे, वरचं पाणी गाळून जिरं-कोकम घालायचं, ते कळण. हलकं, गरम, घशाला बरं. आई दोन्ही वेळेला तेच घ्यायची. मी समाधानी होते. कडधान्य पोटात जातंय, अजून काय हवं?

पुढच्या तपासणीला वजन आणखी उतरलेलं निघालं. नंबराची वाट बघत बाकावर बसलो होतो तेव्हा आई भिंतीला टेकली होती. तेवढं बसणंही तिला जड जात होतं. डॉक्टर म्हणाल्या, "असंच चाललं तर भरती करावं लागेल. मावशी, रोज काय खाता?"

"पेज. नि कुळथाचं कळण."

"कळण म्हणजे वरचं पाणी ना? मग दाणे कोण खातं?"

"बैल."

डॉक्टरांनी कागदावरून मान वर केली. "बैलाची तब्येत कशी आहे?"

"बेस हाय," आई अभिमानाने म्हणाली. "नजर लागंल असा झालाय."

डॉक्टरांना हसू आवरेना. मला हसू आलं नाही. "पाण्यात थोडंसंच उतरतं," त्यांनी समजावलं. "प्रथिनं दाण्यात राहतात. बैलाला पेंढा घाला, दाणे तुम्ही खा."

घरातलं सगळं सत्त्व रोज माझ्याच हाताने गोठ्यात जात होतं, आणि वाडीत सगळ्याच घरी तशी रीत. शिजलेला कुळीथ बैलाचा. आजाऱ्याला दाणा द्यायचा नाही, वात धरतो म्हणतात.

त्या आठवड्यात मुंबईहून दादा आला. हातात प्रोटीन पावडरचा डबा, डब्यावर फुगलेल्या दंडाचा माणूस. आईने तो डबा पाहिला. "ह्यो खाऊन मी असी होणार?" म्हणाली आणि हसताहसता खोकत सुटली. पावडर दुधाची होती. एकदा घेतली आणि तिचं पोट बिघडलं.

मग दादाने मला परसात नेलं. "अंडं फेटून पिठल्यात घाल. तिला कळणार पण नाय."

"नाही घालणार."

"का?"

"ताट तिचं आहे, दादा. तिला फसवून तिच्या तोंडात काही घालणार नाही मी."

"तू नि तुझी तत्त्वं! मरंल ती तुझ्या तत्त्वांपायी."

हे लागलं. कारण तो खोटं बोलत नव्हता. तसं होऊ शकलं असतं.

मी म्हटलं, "पुढच्या वेळी वजन वाढलं नाही, तर तिच्यासमोर बसून मीच अंड्याचं बोलेन. पण समोर बसून."

मागच्या दारात आई कधी येऊन उभी राहिली होती कोण जाणे. "भांडू नका रे," ती म्हणाली. "गो, तो दाणा वाट. वात धरंल तर धरंल. माळ बी राहील नि मी बी राहीन."

या शब्दावरून ती हटली नाही. मी कुळथाला मोड आणून, ते मऊ शिजवून, वाटून दिले. वालाचं बिरडं केलं. नाचणीच्या पिठात थोडं सोयाबीनचं पीठ घातलं, मधल्या वेळी शेंगदाण्याचा लाडू दिला. पहिले काही दिवस ती दोन घासांवर थांबायची. मळमळायचं. थोडं थांबून पुन्हा ताटाकडे बघायची आणि दात आवळून म्हणायची, "आण."

तुमच्या घरात हे दुखणं आलं असेल तर ऐका. गोळ्या कधीच बंद करू नका. कुळीथ औषध नव्हे, औषधाला बळ देणारं अन्न आहे. अंडं चालत असेल तर बिनधास्त खा, त्यात कसली लाज नाही. काय, किती, हे डॉक्टरांना विचारा. पण डब्यावरच्या दंडाला भुलू नका. भात कापला की उरलेल्या ओलीवर, न खत न पाणी, आमच्या वावरात कुळीथ आणि वाल उभे राहतात. त्याला गरिबाचं, गुरांचं खाणं म्हणून नाक मुरडायला आम्हाला कुणी शिकवलं? हा प्रश्न मी सोडणार नाही.

पुढच्या वेळी काटा वर सरकला. थोडाच, पण वर. त्यानंतर सरकतच राहिला. सहा महिने संपले तेव्हा थुंकीत जंतू नव्हते. "क्युअर्ड," डॉक्टर म्हणाल्या, म्हणजे पूर्ण बरी. आईने त्यांच्यापुढे हात जोडले, आणि मीही जोडले. औषधासाठी तर जोडलेच, पण दाणे कोण खातं हे विचारण्याचं त्यांना सुचलं, त्यासाठी जास्त.

दादाही मुंबईहून आला होता. घरी आल्यावर आईने पदर खोचला, पळी हातात घेतली आणि दादाचं, माझं ताट वाढलं. स्वतःचं ताट नव्हतंच. सगळ्यांचं झाल्यावर जे उरेल ते, ही तिची जन्माची सवय. आजारात तेवढी सुटली होती.

मी तिच्या हातातून पळी काढून घेतली. "बस."

"अगो, बरी झालेय मी आता."

"म्हणूनच बस."

तिने दादाकडे पाहिलं. तो उठला, तिसरं ताट आणून आमच्या दोघांच्या मध्ये मांडलं. आई पुटपुटत बसली, "लय झालं तुमचं." मी तिला आधी वाढलं. आम्ही दोघं तिच्या पहिल्या घासाची वाट बघत थांबलो.