अंकुशनानाच्या अंगणातलं पेट्रोल

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, पिऊन बसलेल्या मित्रालाही नाही. प्रत्येक माणसाजवळ एखादं सत्य असं असतं की ते तो सोबत घेऊनच जळतो. माझ्याजवळचं सत्य जळण्याच्या दृष्टीनं फारच सोयीचं आहे. ते पेट्रोलचं आहे. साधारण टाकीभर, रिझर्व्ह सोडून.

चकलांब्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं दुचाकीचं गॅरेज आहे. बी.एड. झालो, मास्तर व्हायचं राहिलं, म्हणून लोक मला मिस्त्री न म्हणता मास्तर म्हणतात— निम्मं आदरानं, निम्मं चिडवायला. मला दोन्ही चालतं. वाचायची सवय तेवढी टिकली. गिऱ्हाईक नसलं की जुन्या टायरवर बसून वाचतो. पुढाऱ्यांच्या सत्काराला मागच्या रांगेत बसतो आणि हार कुणी कुणाच्या गळ्यात घातला, यापेक्षा तो हार काढून पुढच्याला कसा वापरला हे बघतो. थोडक्यात, दुसऱ्याचा थाट मला लगेच दिसतो. स्वतःचा? — तेच तर सांगायचं आहे.

माझंही एक भाषण होतं. ते गॅरेजात व्हायचं.

काही गाड्यांना ऑटो कॉक येतो. टाकीखाली एक छोटा डबा, त्यात रबराचा पडदा. इंजिन सुरू झालं की इंजिनच्या ओढीनं पडदा उघडतो आणि पेट्रोल खाली कार्बोरेटरला जातं. इंजिन बंद केलं की पडदा आपोआप मिटतो. कल्पना चांगली. पण रबर ते रबर. काही वर्षांत कडक होतं, त्याला चिरा पडतात, मग गाडी चढावर धापा टाकते आणि नेमकी दवाखान्याला निघालेली बाई मागं बसलेली असताना बंद पडते. मी तो डबा काढून टाकायचो. साधा, हातानं फिरवायचा कॉक बसवायचो. पडद्याला ओढ देणाऱ्या, इंजिनकडून येणाऱ्या बारक्या नळीच्या तोंडाला बूच मारायचो. टाकी वर, कार्बोरेटर खाली— पेट्रोल आपल्या वजनानं उतरतं. झालं. मग पान्याला लागलेलं ऑइल पुसत मी म्हणायचो, "गुरुत्वाकर्षणाला स्पेअर पार्ट लागत नाही."

हे वाक्य मला फार आवडायचं. लोकांनाही. काही जण तर गाडीला काही झालं नसताना कॉक बदलायला यायचे, ते बहुधा वाक्यासाठी. आणि काम खरंच चांगलं होतं, हे मी आजही छातीठोक सांगतो. फक्त एक गोष्ट बदलायची. आधी जे काम रबराचा पडदा करायचा, ते आता माणसाच्या हातावर यायचं. गाडी उभी केली की कॉक बंद करायचा. हे प्रत्येकाला सांगायचं असतं. मी सांगायचोही. भाषणानंतर.

भानुदासला सांगितलं नाही.

भानुदास आमच्याच गावचा. बायकोला घेऊन दर वर्षी ऊसतोडीला जातो. दिवाळी झाली की टोळी निघते ती गुढीपाडव्याच्या आसपास परतते. निघायच्या आदल्या दिवशी तो आला. ट्रक येऊन थांबला होता, संसार बांधायचा होता, आणि गाडी धापा टाकत होती. मी कॉक बदलला. भाषण केलं. वर सल्लाही दिला— टाकी फुल करून ठेव, रिकाम्या टाकीला आतून गंज धरतो. सल्ला अगदी बरोबर होता. माझे सगळेच सल्ले बरोबर असतात. एक द्यायचा राहिला, एवढंच. ज्याच्या गाडीनं इतकी वर्षं पेट्रोल स्वतःहून बंद केलं, तो माणूस कॉकला हात कशाला लावेल? आणि कार्बोरेटरमध्ये एक सुई असते. त्यातली पेट्रोलची वाटी भरली की ती वरून येणारं पेट्रोल अडवते. भानुदासच्या गाडीची सुई झिजली होती. पडदा मिटत होता तोवर ते कळायचं कारण नव्हतं. मी उघडून पाहिलं असतं तर कळलं असतं. पाहिलं नाही.

गाडी त्यानं अंकुशनानाच्या अंगणात लावली. गावातली अर्धी घरं कुलूपबंद झाली की मागं म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि अंकुशनाना राहायचा. त्याच्या शेळ्या होत्या, गुडघा कामातून गेला होता, टोळीत जाणं कधीच सुटलं होतं. जाणारे लोक घराच्या किल्ल्या त्याच्याकडे द्यायचे. त्याच्या ओसरीत एका खिळ्याला त्या किल्ल्यांचा घोस असायचा, कुणाची कुठली हे त्याला अंधारातही सांगता यायचं. अंगणात गाड्या, शेळ्यांत दुसऱ्यांच्या शेळ्या, खुराड्यात दुसऱ्यांच्या कोंबड्या. कुणी त्याला कधी काही दिलं नाही, त्यानं मागितलं नाही. परत आल्यावर लोक म्हणायचे, "नाना, हाय का समदं?" तो म्हणायचा, "मोजून घ्या बे." कुणी मोजत नसे.

पाडव्याला भानुदास आला. गाडी सुरू होईना. झाकण उघडलं तर टाकीच्या बुडाला थोडंसं. गाडी ढकलत माझ्याकडे आणली. तो पाणी प्यायला गेला आणि मी इंजिनखालचा बोल्ट काढला. ऑइल मधासारखं उतरायला हवं. ते पाण्यासारखं धारेनं आलं, घातलं होतं त्याहून जास्त आलं, आणि गॅरेजभर पेट्रोलचा वास सुटला. कॉक उघडा होता. म्हणजे महिनोन्महिने टाकीतलं पेट्रोल झिजलेल्या सुईवरून उतरत होतं— काही इंजिनात, बाकीचं जादा पेट्रोल बाहेर सोडणाऱ्या खालच्या नळीतून मातीत. गुरुत्वाकर्षण माझ्या वाक्याप्रमाणे बिनचूक चाललं होतं. आणि टाकीत उरलं होतं ते रिझर्व्हच्या खुणेपर्यंत. तेवढं उरणारच, साधा कॉक रिझर्व्हवर फिरवला नाही तर त्या खुणेच्या वरचंच पेट्रोल घेतो.

मला कळायला किती वेळ लागला असेल? बोल्ट अजून हातात होता.

भानुदास परत आला. मी म्हणालो, "उभी राहून ऑइल खराब झालंय, बदलतो." ऑइल बदललं. सुईही बदलली, गुपचूप. कॉक बंद ठेवायला सांगितलं, जणू आठवण करून देतोय असं. त्यानं पेट्रोलचं काही विचारलं नाही. मला वाटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी फाट्यावरच्या हॉटेलात आम्ही सात-आठ जण चहाला होतो. नाना शेळ्यांचा पाला बांधून तिथंच टेकला होता. भानुदास आला. तो भांडला असता तर बरं झालं असतं. त्यानं माफ केलं.

"नाना, गाडी लागली आसंल तर सांगायचं की," तो मोठ्या मनानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "पेट्रोल काय, मान्सापेक्षा मोठं हाय का?"

नानाला आधी समजलंच नाही. मग समजलं. "मला गाडी चालवता येती का बे?"

"तुमाला न्हाई. तुमच्या जावयाला येती की."

"जावई दिवाळीपून आल्याला न्हाई! आन् वास यायचा लेका, सुरुवातीला, गाडीपाशी. मी खाली वाकून बघितलं, काय दिसंना. घरी बायकूला इचार—"

"घ्या!" कुणीतरी म्हणालं. "वास घेऊन घेऊन संपिवलं म्हनायचं."

सगळे हसले. दुसरा म्हणाला, "पर नानाला मानलं पायजे. पंपापोतर जाईल एवढं ठिवलं बगा."

पुन्हा हसले. मीही हसलो. नेमकं रिझर्व्हपुरतं उरलं होतं आणि गेलेल्यातलं काही ऑइलात सापडलं होतं, हीच नानाची साक्ष होती. आणि ती वाचता येणारा त्या बाकावर एकच माणूस होता. भानुदास त्याच्याकडेच वळला. "मास्तर, तुमीच सांगा. टाकीतलं पेट्रोल उडून जातं का?"

मी म्हणालो, "एवढं नाही उडत."

यातला शब्द न् शब्द खरा आहे, हे मुद्दाम लिहितो. झाकण लावलेल्या टाकीतलं पेट्रोल एवढं उडत नाही. खोटं बोलणाऱ्याला निदान पकडले जाण्याची भीती तरी असते. मला तीही नव्हती. मी एका माणसाला खऱ्या वाक्यानं चोर ठरवलं आणि कपातला उरलेला चहा प्यालो. चहा कोमट झाला होता.

का गप्प बसलो? गावात आणि आसपास माझे बरेच कॉक बसलेले होते. माझ्या वाक्याला इज्जत होती. नानाची इज्जत आणि माझ्या वाक्याची इज्जत— यातलं एक निवडायचं होतं आणि मी फार विचार केला नाही.

गावानं पंचायत वगैरे बसवली नाही. कुणी नानाला तोंडावर काही बोललं नाही, रामराम चालू राहिला. फक्त पुढच्या दिवाळीला किल्ल्या कमी आल्या. त्याच्या पुढच्या दिवाळीला एकच आली, तीही त्याच्या सख्ख्या बहिणीची. भानुदास आता गाडी सासरवाडीला, लिंबागणेशला लावतो.

मधल्या काळात नाना एकदा गॅरेजवर आला होता. काम काही नव्हतं. त्याच्याकडे गाडीच नाही. टायरवर बसला. म्हणाला, "मास्तर, त्यो वास यायचा ते खरं हाय. का मला येकट्यालाच यायचा?"

एवढी उघडी दारं माणसाला आयुष्यात कितीदा मिळतात? मी म्हणालो, "जुन्या गाडीला वास येतोच, नाना."

त्यानं मान हलवली. "आसंल," म्हणाला आणि गुडघ्यावर हात देऊन उठला.

सुधारणा मी केली नाही असं नाही. टोळ्या निघायच्या आधी मी बसवलेला प्रत्येक कॉक तपासून देतो, सुई पाहतो, बंद करायची खूण लाल रंगानं करतो. फुकट. पहिल्या वर्षी लोक म्हणाले, असा प्रामाणिक मिस्त्री पंचक्रोशीत नाही. दुसऱ्या वर्षी माझ्या वाढदिवसाला फाट्यावर फ्लेक्स लागला, हात जोडलेल्या फोटोसकट. मागच्या रांगेत बसून दुसऱ्यांच्या फ्लेक्सवर हसणारा मी— मी तो उतरवायला सांगितला नाही. वाऱ्यानं फाटेपर्यंत होता.

नाना हे वाचणार नाही. तो वाचत नाही. भानुदास वाचेल की नाही, माहीत नाही. त्याला जाऊन सांगायला मला पाच मिनिटं लागतील, आणि तेवढी पाच मिनिटं इतक्या वर्षांत मला अनेकदा मिळाली.

गाड्या यायच्या बंद झाल्यावर नानानं अंगणातल्या त्या जागेत शेवगा लावला. झाड चांगलं आलंय. शेंगा तो सगळ्या गावाला वाटतो. मीही आणतो.